ऑफिस सुटलं, संशोधन सुरू!

तबल्यावरची शाई, देवराईतली वेल, दूरच्या दीर्घिकेतून उडालेला बुडबुडा आणि फुटपाथवरचं घर. या चारही गोष्टींवर भन्नाट संशोधन झालं. ते करणाऱ्यांत सरकारी नोकर होते, वकील होते, जंगलातले गावकरी होते आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकाही होत्या. मग आपणच काय घोडं मारलंय?

'रिसर्च' हा शब्द आपल्या ऑफिसात दिवसातून किमान दहा वेळा वापरला जातो. 'जरा रिसर्च करून ठेव' म्हणजे सर्च इंजिनने दाखवलेल्या पहिल्या तीन लिंक्स उघड, चार आकडे उचल, स्लाइडवर चिकटव आणि लंचआधी बॉसला मेल टाक. बस्स! आणि खरंखुरं संशोधन? ते पांढरे कोट घालणाऱ्यांचं काम. त्यासाठी पीएचडी लागते, गाइड लागतो, आयुष्यातली पाच-सहा वर्षं आणि आईबाबांचा भरपूर पेशन्स लागतो. आपल्या ईएमआयच्या गणितात ते बसत नाही, असं आपण कधीच ठरवून टाकलेलं असतं.

पण जरा मागे वळून बघितलं, तर वेगळंच चित्र दिसतं. आपल्या देशातलं बरंच मोलाचं संशोधन हे दुसरी कामं सांभाळणाऱ्या माणसांनी केलंय. कुणी सकाळी ऑफिसला जायच्या आधी, कुणी रिटायर झाल्यावर, कुणी रात्री घरची कामं उरकून. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सतावणारा प्रश्न आणि दुसरी म्हणजे मोजून, लिहून ठेवायची सवय. चार वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या त्यांच्या या गोष्टी. वाचा आणि बघा, कुठली आपल्याला लागू पडते ते!

ऑडिटवाल्याचा तबला

सी. व्ही. रामन म्हटलं की नोबेल आठवतं. पण हे गृहस्थ १९०७ ते १९१७ अशी तब्बल दहा वर्षं सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते, हे किती जणांना माहीत असतं? रुजू झाले तेव्हा वय फक्त अठरा आणि हुद्दा असिस्टंट अकाउंटंट जनरल. म्हणजे चक्क हिशेबतपासणी! कलकत्त्यात बोबाजार स्ट्रीटवर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. रामन सकाळी ऑफिसआधी तिथे जात आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की पुन्हा तिथेच. आजच्या भाषेत सांगायचं तर 'वर्क-लाइफ बॅलन्स'चा पार बोऱ्या! पण याच काळात त्यांचे वाद्यांवरचे आणि कंपनांवरचे निबंध प्रसिद्ध होत राहिले. १९१७ साली पगार कमी होणार हे माहीत असूनही त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी घेतली.

पुढे १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा निबंध लिहिला. प्रश्न अगदी साधा होता. साध्या ढोलाचा आवाज 'ढब्ब' येतो आणि तबला किंवा मृदंग मात्र सुरात लागतो, हे कसं? चामडं ताणून त्यावर थाप मारली, की त्यातून एकाच वेळी बरेच स्वर निघतात. साध्या चामड्याच्या बाबतीत या स्वरांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, म्हणून कानाला नुसता आवाज ऐकू येतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध जो काळा गोल असतो, ती शाई. तिच्या वजनामुळे ही कंपनं अशी बदलतात, की वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे पटीत येऊन बसतात. तारेच्या वाद्यात घडतं तसंच! शाईचे थरावर थर घोटणाऱ्या आपल्या कारागिरांना हे हातानं आणि कानानं केव्हाच कळलेलं होतं. रामन यांनी ते मोजून दाखवलं आणि १९३४ साली त्यावर आणखी सविस्तर लिहिलं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. पंडित विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेज, मग एलएलबी. पेशानं वकील. संध्याकाळी जायचे पारशी मंडळींच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त. गाण्याचा नाद अनेकांना असतो, पण यांना प्रश्न पडला की एकाच रागाबद्दल दोन उस्ताद दोन तऱ्हा का सांगतात? जुन्या संस्कृत ग्रंथांत लिहिलंय ते आणि आज मैफलीत गायलं जातं ते, यांचा मेळ कुठे बसतो? मग हा माणूस प्रश्नांची यादी घेऊन देशभर हिंडला. १९०४ साली दक्षिणेत, नंतर नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, आग्रा. जिथे जाईल तिथे गवयांना आणि पंडितांना भेटायचं, विचारायचं आणि रोजनिशीत सगळं टिपून ठेवायचं. बंदिशी म्हणजे घराण्यांची तिजोरी, कुणी सहजासहजी द्यायला तयार नसे. त्या मिळवण्यात वर्षं गेली. त्यातून मराठीत चार भागांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' आणि सहा भागांची 'क्रमिक पुस्तक मालिका' उभी राहिली. आज कुठल्याही गाण्याच्या क्लासात दहा थाट शिकवले जातात, ते याच खटाटोपाचं फळ. आता ते थाट सगळ्या रागांना पुरे पडत नाहीत, अशी टीकाही झाली आणि अजून होते. पण वाद घालायला हाताशी काहीतरी लिहिलेलं लागतं ना? ते भातखंड्यांनी दिलं.

याच काळात सांगलीकडे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर अशाच उद्योगात होते. कृष्णाजी बल्लाळ देवल. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं त्यात उडी घेतली आणि बावीस श्रुतींची खास पेटीही तयार झाली! १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून चांगलाच वाद रंगला. थोडक्यात काय, एक वकील, एक कलेक्टर, एक जज्ज. सगळे आपापल्या कोर्टकचेऱ्या सांभाळून सुरांच्या मागे लागलेले.

देवराईत काय दडलंय?

जंगलाच्या बाबतीत तर गंमत आणखी पुढची आहे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे पुण्याचे दोन शास्त्रज्ञ सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालत होते. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही. अशाच एका रानाबद्दल त्यांना श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाकडून साद आली. रानावर तोडीचं सावट होतं आणि ते वाचवायला गावकऱ्यांना मदत हवी होती. 'देवी कोपेल' हे कारण ऐकायला मिळेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण गावकरी बोलले ते पाण्याबद्दल. आजूबाजूचं सगळं रान गेलंय, ओढ्याला पाणी राहिलंय ते या एवढ्या झाडीमुळे, असं त्यांचं म्हणणं. याच रानात गारंबीची अजस्र वेल होती आणि जनावरांच्या औषधासाठी तिच्याकडे लांबून माणसं येत. देवरायांवरचे गाडगीळ-वर्तकांचे निबंध १९७५ आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'अंधश्रद्धा' म्हणून बाजूला टाकलेली ही रानं शास्त्राच्या नकाशावर आली.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं तर अभ्यास हा गावच्या कारभाराचाच भाग करून टाकला. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात विषय उलटासुलटा करून पाहायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, वाट्टेल ते प्रश्न विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या सहमतीनं! मधाचंच बघा. मध काढायचा म्हणजे धूर-जाळ करून माशा मारायच्या, ही जुनी रीत. मेंढ्यातल्या अभ्यासगटानं माशांची सवय समजून घेतली आणि माशा न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायची पद्धत बसवली. हाच अभ्यास वनहक्क कायद्याच्या वेळी कामी आला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव लागलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून होणारी भांडणं आठवा आणि सांगा, अभ्यासगट नको का आपल्यालाही?

फेसबुकवरून थेट आकाशात

नाशिक हायवेनं जाताना नारायणगावच्या आसपास मोठमोठ्या जाळीदार डिश दिसतात. हीच ती खोडदची जीएमआरटी! प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, इंग्रजी 'वाय'च्या आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांची कल्पना अशी, की जड पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी लावायची. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. आपल्याकडे पैसा कमी आहे, या रडगाण्यातूनच हे डिझाइन जन्माला आलं असं म्हणायला हरकत नाही. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं 'स्किआपारेली' यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण सिग्नल पृथ्वीवर ऐकणारी दुर्बीण हीच. उतरायच्या थोडं आधी तो सिग्नल थांबला. यान आपटलं होतं.

पण आपल्या कामाची बातमी पुढेच आहे. अशा दुर्बिणींतून एवढा डेटा येतो, की तो डोळ्यांखालून घालायला माणसं पुरत नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये आनंद होता या खगोलशास्त्रज्ञानं 'रॅड अ‍ॅट होम' नावाचा प्रयोग सुरू केला. विज्ञानाची पदवी घेतलेली किंवा घेत असलेली मुलं-मुली घरूनच दीर्घिकांची चित्रं तपासतात. अतिनील, दृश्य, अवरक्त आणि रेडिओ असे वेगवेगळे 'फोटो' लाल-हिरव्या-निळ्या रंगांत एकावर एक चढवायचे, आणि काही विचित्र दिसलं की ग्रुपवर टाकायचं. तेही चक्क फेसबुकवर! मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र या कामाशी जोडलेलं आहे. यातूनच 'रॅड१२' सापडली. आपल्यापासून सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका शेजारणीवर एकाच बाजूनं प्रचंड रेडिओ बुडबुडा सोडताना दिसते. जीएमआरटीनं ती नीट न्याहाळली आणि २०२२ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मंडळींनी युरोपातल्या 'लोफार' दुर्बिणीच्या डेटामधून एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ कडी शोधल्याचं जाहीर झालं. आपण जेव्हा रात्री अकराला रील्स सरकवत असतो, तेव्हा कुणीतरी दीर्घिका सरकवत असतं बरं का!

फुटपाथवरची शिरगणती

आता चौथी गोष्ट. ही सगळ्यात जवळची, कारण ती घराची आहे. भाडं, डिपॉझिट, ब्रोकर, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, आपल्या पिढीचा निम्मा पगार आणि अर्धी झोप यातच जाते. पण मुंबईत घराचं टेन्शन किती खोल असतं ते पाहायचं तर १९८५ मध्ये जायला हवं.

त्या वर्षी १० जुलैला ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं मान्य केलं. पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला पालिकेला मोकळीकही दिली. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरच्या आत नको. म्हणजे हातात जेमतेम साडेतीन महिने. फुटपाथवर राहणारे किती, कोण, कुठून आले, काय काम करतात, याची धड नोंद कुणाकडेच नव्हती. कालपरवा आलेले उपरे, उद्या जातील, असाच शहराचा समज.

१९८४ साली सुरू झालेली 'स्पार्क' ही संस्था तेव्हा भायखळ्यातल्या पालिका दवाखान्याच्या गॅरेजमधून काम करायची. फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन तिनं गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं. अहवालाचं नावच होतं 'वी, द इनव्हिजिबल'. आम्ही, न दिसणारे. आकड्यांनी समजाला धक्का दिला. बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी राहत होती, दरिद्री जिल्ह्यांतून आलेली होती आणि कामाच्या ठिकाणी चालत जाता यावं म्हणून फुटपाथवर टिकून होती. बसभाडंही परवडत नसेल तर उपनगरातली झोपडीसुद्धा चैनच की!

पुढे याच बायकांनी घराचा नकाशा आखला. अक्षर ओळख नसलेल्या कित्येक जणींनी लांबी-रुंदी मोजली ती साडीनं. त्यांना हवी होती चौदा फूट उंचीची खोली, म्हणजे आत माळा काढता येईल आणि तेवढ्याच जागेत दोन घरांएवढी माणसं मावतील. त्यांनी पूर्ण आकाराचं मॉडेल उभारून लोकांना दाखवलं. १९८६ मध्ये त्यांची 'महिला मिलन' उभी राहिली. १९९० च्या दशकात राज्याच्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांनाही जागा मिळाली, आणि रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनाच्या वेळी वस्तीतल्या लोकांनीच केलेले सर्व्हे आधाराला आले.

इथे गोष्ट 'सुखी शेवट' म्हणून संपवता आली असती. पण घर मिळालं म्हणजे प्रश्न सुटला, असं होत नाही. मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यातल्या पुनर्वसन वसाहतींबद्दल 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही आणि त्याच मजल्यांवर क्षयाचे रुग्ण जास्त. पुनर्वसन इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले होते. त्याची किंमत कुणाच्या फुप्फुसांनी मोजली, हे या अभ्यासानं दाखवलं. किती घरं बांधली हा एक आकडा झाला. त्या घरात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो का, हा दुसरा. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नसता, तर फायलीत सगळं आलबेल होतं.

फुकटातलं संशोधन? जरा थांबा!

हे सगळं वाचून सरकारला किंवा कंपन्यांना वाटू शकतं, की वा, हौशी मंडळी आहेतच, मग पगारी संशोधक कशाला? तर तसं नाही हं! जीएमआरटी हौसेनं उभी राहत नाही. क्षयाचं निदान करायला डॉक्टरच लागतो. रामन यांनाही सकाळ-संध्याकाळ उघडी असलेली एक प्रयोगशाळा मिळाली होती, म्हणून जमलं. भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के इतकाच होता. जेआरएफ मिळवून पीएचडी करणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळू लागले. त्याआधी ३१,००० होते. बरोबरीचा मित्र कोडिंग करून किती कमावतो हे आपल्याला माहीतच आहे. त्यातही स्टायपेंड वेळेवर येईल याची खात्री नाही. हुशार पोरं संशोधनाकडे का वळत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. कारागिराला शाईचं गणित हातातून कळलेलं असतं, पण निबंधावर त्याचं नाव नसतं. उस्तादानं बंदिश दिली, पुस्तक दुसऱ्याचं झालं. फुटपाथवरच्या बायकांनी मात्र आपली मोजणी आपल्याच हातात ठेवली, मेंढ्यानं आपला अभ्यास आपल्या ग्रामसभेत ठेवला, आणि त्यामुळेच त्याचा फायदा त्यांच्यापर्यंत पोचला. तेव्हा कुठल्याही उपक्रमात उतरण्याआधी बिनधास्त विचारा, आम्ही गोळा केलेली माहिती कोण वापरणार आणि आम्हाला परत काय कळणार?

वीकएंड संशोधकांसाठी पाच फंडे

एक झाड धरा. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातले लोक आपापल्या एका झाडाची दर आठवड्याला नोंद करतात. पालवी, कळ्या, फुलं, फळं, बस्स. ऑफिसच्या गेटजवळचा बहावा किंवा सोसायटीतला आंबा चालेल. पाच मिनिटांचं काम!

पक्षी मोजा. 'ई-बर्ड'वर पंधरा मिनिटांची यादीही चालते. कावळे, साळुंक्या लिहायला लाजू नका, नेहमीच्या पक्ष्यांच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या.

खोडदला जा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान मेळा भरतो. तारखा आधी तपासा, आणि तिथे मोबाइल बंद ठेवायला लागतो, याची मनाची तयारी ठेवा!

घर मोजा. आपल्या खोलीत ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, समोरची भिंत किती फुटांवर आहे, हे महिनाभर लिहा. चार मजल्यांवरच्या चार घरांनी लिहिलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायला ठोस काहीतरी हाती येईल. पुढचं अ‍ॅग्रीमेंट करतानाही उपयोग होईल.

प्रश्न विचारा, कागदावर. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याकडे आहे. रस्त्यावरची किती झाडं तोडली, किती लावली, त्यातली किती जगली? अर्ज करा आणि आलेलं उत्तर जागेवर जाऊन ताडून पाहा. कागदावरची झाडं आणि रस्त्यावरची झाडं यांच्या आकड्यांत फरक निघाला, तर अभिनंदन, तुमचं संशोधन सुरू झालं!

आणि हो, एक वही घ्या. तारीख टाकून लिहा. बाकीचं जमेल हळूहळू. सोमवारी कुणी विचारलं, 'वीकएंडला काय केलंस?' तर या वेळी मॉल आणि मूव्हीपेक्षा जरा वेगळं उत्तर देता येईल.